संमेलनाचे गाव आणि पुस्तकांचा गाळा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कुठल्या गावी भरणार हे ठरले, की तिथे कोण येणार आणि किती पुस्तके खपणार याचाही बराचसा निकाल लागतो. मांडवातली भाषणे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचता येतात. ग्रंथप्रदर्शनाला मात्र वाचक आणि विक्रेता दोघांनाही स्वतः हजर राहावे लागते. त्यामुळे स्थळाच्या निवडीचा भार आधी या दोघांवर पडतो.

संमेलनासाठी इच्छुक संस्था अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाकडे निमंत्रण पाठवतात. महामंडळाची स्थळ निवड समिती मैदान, निवासाची सोय आणि आयोजकांची ऐपत पाहून येते आणि मग महामंडळ निर्णय घेते. वाचकांना आणि विक्रेत्यांना त्यात मत नसते. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाची रीत वेगळी आहे. तिथे पुढचे स्थळ सभासद मतदानाने ठरवतात, तेही साधारण दोन वर्षे आधी. जिथे मतदान होते त्या जागेपासून पाचशे मैलांच्या आतले गाव निवडता येत नाही, म्हणून संमेलन फिरते राहते. २०२३ मध्ये ते चीनमधल्या चेंगडूला झाले, २०२४ मध्ये ग्लासगोला. अंतर मोठे असले तरी पैसे साठवायला आणि माल पाठवायला अवधी मिळतो. याउलट, दिल्लीच्या ९८व्या मराठी संमेलनाची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि संमेलन फेब्रुवारी २०२५ मध्ये भरले.

विक्रेत्याच्या बाजूने हिशेब साधा आहे. समजा, गाळ्याचे भाडे, पुस्तकांच्या गठ्ठ्यांची वाहतूक आणि दोन माणसांचे राहणे-जेवणे मिळून तीस हजार रुपये लागले. तीनशे रुपयांचे पुस्तक त्याला पस्तीस टक्के कमिशनने, म्हणजे १९५ रुपयांना मिळते. प्रदर्शनात दहा टक्के सवलत दिली, की ते २७० ला जाते आणि हाती ७५ रुपये उरतात. नुसता खर्च भरून निघायला चारशे प्रती विकाव्या लागतात. अंतर वाढले, की वाहतूक आणि मुक्काम महागतो आणि हा आकडा वर सरकतो. शिवाय न खपलेले गठ्ठे पुन्हा बांधून, पुन्हा भाडे भरून परत आणावे लागतात.

घुमानच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे आला. पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यातल्या या गावी, संत नामदेवांच्या कर्मभूमीत, एप्रिल २०१५ मध्ये ८८वे संमेलन भरले. निवडीमागची भावना मोलाची होती. पण जिथे मराठी वाचकच नाही तिथे पुस्तके कोणाला विकायची, असे विचारत मराठी प्रकाशक परिषदेने बहिष्काराची भूमिका घेतली होती. रसिकांसाठी महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या. लांबचा प्रवास करून आलेला रसिक पुस्तके घेतो, पण परतीच्या बॅगेत मावतील तेवढीच.

अंतर कमी असले म्हणजे विक्री होतेच, असेही नाही. मुंबईतल्या नायगावचा वाचक घ्या. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू त्याच्याच भागात आहे, आणि दादर स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेले की छबिलदास शाळेच्या गल्लीत पुस्तकांचे दुकान आहे. २०१७ मध्ये संमेलन डोंबिवलीला होते, तेव्हा त्याला दादरहून लोकलने जाऊन रात्री घरी परतणे शक्य होते. पण जे पुस्तक त्याला रोज घराजवळ मिळते, ते घेण्यासाठी गर्दीत जाण्याची निकड त्याला नसते. २०२२ मध्ये उदगीरला किंवा २०२४ मध्ये अमळनेरला संमेलन गेले, तेव्हा चित्र उलटे होते. अशा गावात शेकडो मराठी पुस्तके एकाच ठिकाणी हाताळून, चार पाने वाचून निवडण्याची संधी वर्षानुवर्षे येत नाही. संमेलन लहान गावी नेण्याचे खरे कारण हेच आहे. मात्र तिथल्या वाचकाचा खिसाही लहान असतो, आणि विक्रेत्याने सोबत आणलेली महागडी पुस्तके तशीच राहण्याचा धोका असतो.

गाव ठरल्यावरही गावातली जागा महत्त्वाची असते. नाशिकचे ९४वे संमेलन गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचे होते. कोविडमुळे ते लांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये शहराबाहेर आडगावला, भुजबळ नॉलेज सिटीत भरले. संमेलन शहराच्या मध्यावर असले, की कॉलेजातून सुटलेली मुले आणि कचेरीतून निघालेली माणसे वाटेत डोकावतात. शहराबाहेर गेले, की स्वतःचे वाहन असलेला किंवा ठरवून निघालेलाच माणूस येतो, आणि शेवटच्या बसची वेळ झाली की चाळायला घेतलेले पुस्तक खाली ठेवतो. आवारातही गाळे मुख्य मांडवाच्या वाटेवर आहेत की मैदानाच्या टोकाला, यावर दिवसाची विक्री ठरते.

मराठी विज्ञानकथेसारख्या प्रकाराला स्थळाच्या निवडीची झळ अधिक लागते. तिच्या वाचकांचा स्वतंत्र मोठा मेळा मराठीत भरत नाही. तिची पुस्तके याच गाळ्यांत, कादंबऱ्या आणि चरित्रांच्या शेजारी मांडली जातात. मोजके वाचक असलेले पुस्तक लांबच्या प्रदर्शनाला न्यायचे की नाही हे ठरवताना विक्रेता आधी खात्रीने खपणारे गठ्ठे बांधतो.

संमेलनाने फिरत राहणे योग्यच आहे. एकाच शहरात अडकले तर ते सगळ्या मराठी मुलखाचे राहणार नाही. पण फिरण्याचा खर्च एकट्या विक्रेत्याने आणि वाचकाने सोसू नये. स्थळ निदान वर्षभर आधी जाहीर व्हावे आणि दूरच्या संमेलनात गाळ्यांचे भाडे कमी असावे. एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनवरून तिथवर रात्री उशिरापर्यंत बस असावी. स्थळ निवड समितीत प्रकाशकांचा प्रतिनिधी असावा, आणि मैदान पाहतानाच ग्रंथप्रदर्शनाची जागाही नक्की व्हावी.