वॉशिंग्टन (आडनाव)

वॉशिंग्टन : स्थलनामावरून आलेले एक इंग्रजी आडनाव. ईशान्य इंग्लंडमधील, पूर्वी डरॅम परगण्यात मोडणाऱ्या वॉशिंग्टन या गावावरून ते रूढ झाले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–९९) यांच्यामुळे त्यास जागतिक प्रसिद्धी लाभली.

व्युत्पत्ती : गावाचे नाव अँग्लो-सॅक्सन काळातील असून त्याचे तीन घटक पडतात. पहिला घटक ‘ह्वॅस्सा’ हे व्यक्तिनाम, दुसरा ‘इंग’ हा संबंधवाचक प्रत्यय आणि तिसरा ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी किंवा वस्ती. ‘ह्वॅस्साची वाडी’ असा एकूण अर्थ होतो. पश्चिम ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. परंतु त्याचा उगम स्वतंत्र असून तो ‘वस्सा’ नामक पुरुषाच्या अनुयायांशी जोडला जातो.

स्थलनामापासून आडनावाकडे : नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर जमीनदार वर्गात आपल्या जहागिरीचे नाव ‘द’ (–चा) या फ्रेंच शब्दयोगाने स्वतःच्या नावापुढे लावण्याची प्रथा पसरली. सामान्य लोकांत मात्र असे नाव बहुधा गाव सोडून गेलेल्या माणसास मिळे. कारण गावातच राहणाऱ्यास गावाच्या नावाने ओळखण्याचे प्रयोजन नसे. मराठीतील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. प्रारंभी अशी नावे अस्थिर होती. जहागीर बदलली की नावही बदले. डरॅमच्या बिशपच्या जमिनींची नोंद करणाऱ्या ‘बोल्डन बुक’मध्ये (११८३) विल्यम नामक सरदाराने हार्टबर्न गावाच्या मोबदल्यात वॉशिंग्टन घेतल्याचा उल्लेख आहे. तेथे त्याचा निर्देश जुन्या गावावरूनच, ‘हार्टबर्नचा विल्यम’ असा केलेला आहे. पुढे हे घराणे ‘द वेसिंग्टन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कालांतराने ‘द’ गळून पडला आणि नाव वंशपरंपरागत झाले. गाव सुटल्यावरही ते टिकून राहिले.

घराण्याचा विस्तार : घराण्याची एक शाखा लँकाशरमध्ये स्थायिक झाली. त्या शाखेतील लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. मठांच्या विसर्जनानंतर राजसत्तेकडे आलेली सल्ग्रेव्ह येथील जहागीर त्याने १५३९ मध्ये विकत घेतली. त्याचा वंशज व त्याच नावाचा एक धर्मोपदेशक प्यूरिटनांच्या अमलात १६४३ मध्ये पदच्युत झाला. त्याचा मुलगा जॉन सतराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियात जाऊन राहिला. तो जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पणजोबा होय. घराण्याच्या कुलचिन्हात पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे व वरच्या बाजूस तीन तांबडे तारे आहेत. अमेरिकेचा राष्ट्रध्वज त्यावरून तयार झाल्याची समजूत प्रचलित असली, तरी तीस समकालीन पुरावा नाही. कोलंबिया जिल्ह्याच्या ध्वजावर (१९३८) मात्र हे चिन्ह घेतलेले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव नियोजित राजधानीस १७९१ मध्ये देण्यात आले. १८८९ मध्ये याच नावाचे घटक राज्य अस्तित्वात आले. अशा रीतीने स्थलनामाचे आडनाव आणि आडनावाचे पुन्हा स्थलनाम झाले.

मुक्त गुलामांचे आडनाव : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्युसमयी त्यांच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते व पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात नमूद केले होते. मालकांच्या कागदपत्रांत गुलामांची बहुधा केवळ पहिली नावेच नोंदली जात. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाल्यावर मुक्त झालेल्या अनेकांनी आपली आडनावे जाहीर केली किंवा नव्याने निवडली. शिक्षणतज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) यांनी लहानपणी शाळेच्या हजेरीच्या वेळी इतर मुलांना दोन-दोन नावे असल्याचे पाहून आपले नाव ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत हे आडनाव धारण करणाऱ्या १,६३,०३६ व्यक्तींची नोंद झाली. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सु. ९० टक्के होते.

यावरून आडनावाच्या अभ्यासातील एक मर्यादा स्पष्ट होते. शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या पहिल्या धारकाच्या गावापर्यंत नेते. परंतु आज तो शब्द धारण करणाऱ्या कुटुंबाचा पूर्वेतिहास त्यावरून सिद्ध होत नाही. बाराव्या शतकातील सरदाराच्या दृष्टीने जे नाव जमिनीवरील हक्काचे निदर्शक होते, तेच एकोणिसाव्या शतकातील अनेक मुक्त गुलामांच्या दृष्टीने आपण कोणाची मालमत्ता नसून स्वतंत्र नागरिक आहोत, याची खूण ठरले.