कुटाशिवायचा डबा

अमेरिकेत किंवा कॅनडात उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या, की पहिल्या काही दिवसांतच अनेक घरांत एक पत्रक येतं. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची आणि सुक्या मेव्याची गंभीर ॲलर्जी आहे, तेव्हा डब्यात यातलं काहीही पाठवू नये. खाली पालकांची सही. शेजारच्या अमेरिकी घरात त्याचा अर्थ सरळ असतो: पीनट बटरची बरणी सकाळी उघडायची नाही. मराठी घरही सुरुवातीला निवांत असतं. आपण कुठे पीनट बटर देतो? आपण तर पोळी-भाजी देतो.

ती भाजी नीट पाहिली की निवांतपणा संपतो. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मेथीच्या भाजीत भरडलेले दाणे, अळूच्या फतफत्यात अख्खे दाणे. कांदेपोह्यांत ते तळून घातलेले. पोळीला लावून दिलेली सोलापुरी चटणी म्हणजे तर दाणेच. गोडाकडे वळावं तर दाण्याचा लाडू, गूळपोळी, चिक्की. आणि हलका खाऊ म्हणून बिनधास्त दिल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या लाडवातही पुष्कळदा दाणे असतात. मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे पीक आपल्याकडे येऊन काही शतकंच झाली, पण मराठी स्वयंपाकघरात त्याने असं बस्तान बसवलं आहे की कूट हा जिन्नस म्हणून मोजलाच जात नाही. रस पातळ झाला, तिखट जास्त झालं, पाहुणे वाढले, की हात आपोआप कुटाच्या डब्याकडे जातो. म्हणूनच ‘या भाजीत काय काय आहे?’ असं विचारल्यावर कूट सांगायचं राहून जातं, आणि सगळा धोका त्या राहून जाण्यात आहे.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने शेंगदाणा तूर-मुगाच्या कुळातला. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते झाडाला लागतात आणि त्यांची कुळं वेगवेगळी. तरी पत्रकात सगळे एकत्र बांधलेले असतात, कारण बऱ्याच मुलांना दोन्हींचा त्रास असतो आणि कारखान्यांत हे सगळे जिन्नस अनेकदा एकाच यंत्रांवरून जातात. काजू आणि पिस्ते मात्र खरोखरचे नातेवाईक आहेत. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असण्याची शक्यता मोठी असते. आदल्या रात्रीची पनीरची भाजी डब्यात देताना हे आठवायला हवं, कारण तिच्या रश्शात बहुधा काजूची पेस्ट असते.

ॲलर्जी म्हणजे न पचणं नव्हे. शरीराची संरक्षणयंत्रणा शेंगदाण्यातल्या ठरावीक प्रथिनांना शत्रू समजते आणि पुढच्या वेळी ती दिसताच हल्ला चढवते. ही प्रथिनं चिवट असतात. भाजल्याने ती नष्ट होत नाहीत. उलट कोरडं भाजल्यावर ती अधिक त्रासदायक होतात असं प्रयोगांत दिसलं आहे. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. प्रकरण वाढलं तर घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. ही अवस्था काही मिनिटांत येऊ शकते. तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिच्यावर पहिला उपाय एकच, मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. खाज थांबवणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

एवढी मुलं अचानक आली कुठून, हा आजी-आजोबांचा प्रश्न वाजवी आहे. अमेरिकेत दूरध्वनीवरून झालेल्या एका पाहणीत 1997 साली शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली गेलेल्या मुलांचं प्रमाण 0.4 टक्के होतं; त्याच पद्धतीने 2008 साली विचारलं तेव्हा ते 1.4 टक्के निघालं. कारणांची उकल अजून पुरी झालेली नाही, पण एक धागा सापडला, आणि तो डॉक्टरांना अडचणीत टाकणारा होता. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की ज्या बाळांच्या घराण्यात ॲलर्जी आहे त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पुढे लंडनमध्ये गिडिअन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलांत ही ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या सुमारे दहापट होती. वंश तोच, मग फरक कशात? इस्राएलमध्ये बाळाला दात येण्याच्या वयातच ‘बांबा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे हातात मिळतात.

याच संशोधकांनी मग 640 बाळांवर प्रयोग केला. सगळी चार ते अकरा महिन्यांची आणि ॲलर्जीचा धोका जास्त असलेली. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित दिला, अर्ध्यांना पूर्ण टाळला. पाच वर्षांची होईपर्यंत टाळलेल्या गटात सुमारे 17 टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाल्लेल्या गटात सुमारे 3 टक्क्यांना. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांत अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं उलटी फिरली: लवकर द्या, नियमित द्या. (अंगावर मोठा इसब असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवून, आणि लहान मुलांना अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो.) म्हणजे मऊ भातात चिमूटभर कूट कालवणाऱ्या आजीकडे विज्ञान उशिरा पोचलं असं म्हणता येईल. मात्र ज्या मुलाला ॲलर्जी झालेलीच आहे त्याला या शोधाचा उपयोग नाही. त्याला शाळेतला दिवस सुखरूप काढायचा असतो.

आणि तो दिवस फक्त शेंगदाण्यावर अवलंबून नसतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सब्रिना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी 2003 साली शाळेच्या उपाहारगृहात बटाट्याचे तळलेले काप खाऊन दगावली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, सोयाबीनची आणि दुधाचीही होती. कापांत दाणा नव्हता. चीज उचललेल्या चिमट्याने ते वाढले गेले असावेत, असा निष्कर्ष पुढे निघाला. तिचं इंजेक्शन शाळेतच होतं, पण लॉकरमध्ये. तिच्या नावाचा कायदा 2005 साली संमत झाला आणि 1 जानेवारी 2006 पासून लागू झाला. नवल म्हणजे त्या कायद्याचा भर बंदीवर नाही. प्रत्येक शाळेकडे आराखडा हवा, शिक्षकांना प्रशिक्षण हवं, त्या त्या मुलाची स्वतंत्र योजना हवी, असं तो सांगतो.

बंदीने नक्की काय साधतं, याचं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांच्या 2017 सालच्या अभ्यासात थोडंफार मिळतं. शेंगदाण्यावर बंदी घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या शाळांत ॲड्रेनलिन द्यावं लागण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जिथे अशा मुलांसाठी वेगळं टेबल होतं तिथे मात्र प्रमाण कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲलर्जीतज्ज्ञांची संघटनाही सरसकट बंदीची शिफारस करत नाही. बंदीमुळे सगळे गाफील होतात, हा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण बालवाडीची गोष्ट निराळी. तिथे हात, तोंड, खेळणी आणि शेजाऱ्याचा डबा यांच्यात सीमारेषाच नसते. चार वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही. तिथे डबाच स्वच्छ असणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

तर मग डबा. पहिली गोष्ट मिक्सर. ज्या भांड्यात रोज कूट होतं त्याच्या पात्याखाली आणि रबरी चकतीत पूड अडकून राहते. त्यातच इडलीची चटणी वाटली, की तो डबा दाणेमुक्त राहिला नाही. डब्याच्या वाटणाला वेगळं भांडं ठेवणं हा यातला सर्वांत महागडा उपाय, आणि सर्वांत उपयोगी. कढई, झारा, लाटणं साबणाने घासलं की भागतं. कुटाच्या डब्यातला चमचा साखरेच्या डब्यात गेला तर मात्र घासण्याने काही होत नाही. दुसरी गोष्ट तेल. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण हल्ली हौसेने आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल तसं नसतं. त्यात ती राहतात. डब्यापुरतं सूर्यफुलाचं तेल किंवा तूप बरं.

तिसरी गोष्ट तीळ. तो शेंगदाणाही नाही आणि सुका मेवाही नाही, म्हणून पत्रकात त्याचं नाव बहुधा नसतं. पण 2016 साली ब्रिटनमधली नताशा एडनन-लपरूज ही पंधरा वर्षांची मुलगी पावात मिसळलेल्या तिळामुळे गेली आणि तिच्या नावाने तिथे लेबलांचा कायदा आला. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला. (त्यावर काही बेकऱ्यांनी तीळ कटाक्षाने दूर ठेवण्याऐवजी मुद्दाम थोडा घालून लेबलावर लिहून टाकला. कायदा पाळला गेला, मुलांचे पाव मात्र कमी झाले.) मराठी घरात तीळ गोड्या मसाल्यात असतो, कोथिंबीर वडीवर असतो, बाकरवडीच्या सारणात असतो. वर्गात कोणाला तिळाची ॲलर्जी आहे का, हे विचारून घेतलेलं चांगलं. नारळाची बातमी उलट आहे. अमेरिकी अन्न प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये त्याला सुक्या मेव्याच्या यादीतून वगळलं. शाळा हरकत घेत नसेल तर ओलं खोबरं खुशाल वापरावं.

एवढं वगळूनही उरतं ते बरंच आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, आंबोळी, घावन, मुगाची धिरडी, मेथीचे पराठे, शेवयांचा उपमा, फोडणीची पोळी, मटकीची कोरडी उसळ. गोडात तूप-गुळाचा पोळीचा लाडू, शंकरपाळी, काजू-बदाम न घातलेला रव्याचा लाडू. कोशिंबिरीला किंवा भरल्या भाजीला दाटपणा हवाच असेल तर पंढरपुरी डाळं भाजून त्याची पूड करावी. कुटाचा खमंगपणा त्यात पुरता येत नाही, पण सूर्यफुलाच्या बिया भाजून मिसळल्या की चव जवळ येते. पनीरच्या रश्शात काजूऐवजी मगज बी चालतं. ज्याच्या स्वतःच्या मुलाला ॲलर्जी आहे त्याने मात्र हे बदलही डॉक्टरांना विचारून करावेत, कारण काहींना हरभऱ्याचाही त्रास होतो. खिचडीची पंचाईत खरी आहे. कूट साबुदाण्याचा ओलावा शोषून दाणे सुटे ठेवतं. ते नसेल तर भिजवताना पाणी बेताचं ठेवावं, साबुदाणा चांगला निथळू द्यावा आणि परतताना बटाट्याच्या फोडी नि खोबरं सढळ घालावं. चतुर्थीच्या डब्याला ती अगदीच वाईट लागत नाही.

शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने मूल कोसळेल, ही भीती अतिरेकी आहे. तीव्र ॲलर्जी असलेल्या तीस मुलांना न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी पीनट बटर हुंगायला दिलं, त्वचेलाही लावलं. एकालाही गंभीर त्रास झाला नाही. धोका तोंडावाटे जाण्याचा असतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हात धुण्याच्या पद्धतीही तपासल्या. साबण किंवा ओल्या पुसण्यांनी शेंगदाण्याचा अंश गेला, नुसत्या पाण्याने काही हातांवर राहिला आणि सॅनिटायझरने त्याहून जास्त हातांवर. सकाळी घरी चटणी-पोळी खाऊन निघालेल्या मुलाने साबणाने हात धुवावेत, तोंडही पुसावं. अंगतपंगत हा आपल्या डब्याचा आनंद असला तरी अशा वर्गात घास वाटून खायचा नसतो, हेही घरीच सांगावं लागतं.

भारतात हा प्रश्न अजून लहान आहे. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत अन्नाची ॲलर्जी असण्याचं प्रमाण 0.14 टक्के निघालं, पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी. पण ज्या घरात असं मूल आहे त्यांची अडचण इथे अधिक असते. स्वतः टोचून घेता येणारी ॲड्रेनलिनची तयार लेखणी औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. वेष्टनातल्या खाद्यपदार्थांवर शेंगदाणा आणि सुका मेवा लिहिणं 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे, तीळ मात्र त्या यादीत नाही. आणि आपला निम्मा खाऊ वेष्टनात येतच नाही. चिवडा, भडंग, फरसाण एकाच काउंटरवर शेजारी शेजारी, एकाच पळीने काढलेलं. अशा दुकानात उभं राहून ‘यात दाणे आहेत का?’ असं विचारलं, तर दुकानदार मनापासून समजूत घालतो, ‘अगदी थोडेच आहेत हो.’