बिघडलेल्या लोखंडाची किंमत

दहावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: 'काहीच जमले नाही, तर आयटीआय आहेच.' ते शिक्षकांच्याही तोंडी असते, ही अधिक खेदाची गोष्ट. आता या जुन्या तुच्छतेला एका नव्या समजुतीची जोड मिळाली आहे. संगणकाच्या आज्ञेने चालणारी सीएनसी यंत्रे आली, तेव्हा कारागिरी संपली. बटण दाबणारा पोऱ्या पुरे, असे कारखानदारही बोलू लागले आहेत.

यंत्रासमोर तासभर उभे राहिल्यास ही समजूत टिकत नाही. 'जी 00' या आज्ञेने हत्यार मोकळ्या जागेतून भरधाव सरकते; 'जी 01' या आज्ञेने ते ठरवून दिलेल्या संथ गतीने धातू कापते. शेवटचा एक आकडा चुकला, तर तेच हत्यार भरवेगात जॉबवर आदळते. आज्ञा अचूक असूनही भागत नाही. धार झिजते, धातू तापतो. 100 मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा 10 अंश सेल्सिअसने तापला, तर 0.01 मिलिमीटरहून थोडा अधिकच फुगतो. साध्या मायक्रोमीटरची एक रेघ म्हणजे तेवढेच अंतर! गरम असताना मोजून बरोबर ठरवलेला दांडा निवल्यावर बारीक भरतो आणि भंगारात जातो. हे फळ्यावर पाच मिनिटांत सांगता येते. हाताला कळण्यासाठी मात्र दहा-वीस दांडे बिघडवावे लागतात.

नेमके तेच करू देण्याची आपली तयारी नाही. मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आरंभी कानस चालवावी लागते. मुलांना तो छळ वाटतो. पण सपाट म्हणजे काय, काटकोन म्हणजे काय, हे मनगटाला तिथेच उमगते. पुढे मात्र जिथे एका यंत्राभोवती मुलांचा घोळका असतो, लोखंड मोजूनमापून मिळते आणि शिल्पनिदेशकाची जागा रिकामी असते, तिथे वही पूर्ण होते, हात कोराच राहतो.

ही उणीव कारखान्यातील उमेदवारीने भरून निघावी, अशी अपेक्षा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे 18 वे कलम सांगते की, असा उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. वाक्य चांगले आहे. पण कित्येक ठिकाणी त्याचा अर्थ उलटा लावला जातो. मुलगा सकाळपासून एकच भाग यंत्रात लावतो आणि काढतो. काम कामगाराचे, हाती पडते ते विद्यावेतन. मुदत संपली की दुसरा मुलगा येतो. जर्मनीच्या 1969 च्या कायद्याने उमेदवाराला प्रशिक्षणाच्या हेतूला धरून असलेलीच कामे द्यावीत, असे बंधन मालकावर घातले. तिथे या धंद्याची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते आणि परीक्षा मालक नव्हे, उद्योग-व्यापार मंडळ घेते. ती सारी व्यवस्था आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, हे खरे. निदान उमेदवार कोणकोणत्या यंत्रांवर किती दिवस होता, याची नोंद बाहेरच्या जाणत्या माणसाने तपासायला काय हरकत आहे?

संस्थांच्या बाबतीत तर त्याहून साधे काम आहे. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याने हजेरीपट मागण्याआधी वर्कशॉपच्या कोपऱ्यातील भंगाराची पेटी पाहावी. ती रिकामी आढळली, तर मुलांना वर्षभर लोखंड किती मिळाले, एवढे विचारून उत्तर अहवालात लिहावे.