गर्भारपणातील मधुमेह : केवळ आईच्या ताटाचा प्रश्न नव्हे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, असल्याचे त्यातून दिसून आले. हा आकडा सर्व प्रौढांचा असला, तरी मोपा, पेडणे वा डिचोली येथील गर्भवतीसाठी तो महत्त्वाचा आहे. कारण मधुमेहाची एक वाट गर्भाशयातूनच पुढच्या पिढीकडे जाते.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या पेशी इन्सुलिनला कमी दाद देतात आणि गर्भाला साखरेचा पुरवठा अखंड राहतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून समतोल राखते. ते जिथे कमी पडते, तिथे गर्भारपणातील मधुमेह उद्भवतो. आईची साखर वार ओलांडते, तिचे इन्सुलिन मात्र ओलांडत नाही. त्यामुळे गर्भ स्वतःचेच इन्सुलिन वाढवतो आणि त्याच्या अंगी चरबी साठते. कोपनहेगनचे डॉक्टर योर्गन पेडरसन यांनी मांडलेली ही उपपत्ती आजही प्रमाण मानली जाते.

स्वादुपिंड कमी का पडते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातून आला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. परंतु पाठीवरील त्वचेची घडी चिमट्याने मोजली असता तेथील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अंगकाठी लहान, स्नायू कमी आणि चरबी टिकून, अशा या बालकांचे वर्णन ‘कृश तरी मेदयुक्त’ असे केले गेले. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध अधिक आढळला. गर्भारपणातील मधुमेहाची पूर्वतयारी अनेकदा ती स्त्री स्वतः गर्भात असतानाच सुरू होते, हे सांगणारे हे संशोधन प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

पोषणाच्या जोडीला भोवतालही विचारात घ्यावा लागतो. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकण, रात्रपाळी आणि अपुरी झोप यांचा या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. टोरांटो परिसरातील २०१७ च्या अभ्यासात, चाचणीपूर्वीच्या महिन्याचे सरासरी तापमान उणे १० अंश किंवा त्याहून कमी असताना या मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के, तर २४ अंश किंवा त्याहून अधिक असताना ७.७ टक्के आढळले. मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे. उष्णतेत त्वचेचा रक्तप्रवाह वाढल्याने शिरेतील रक्तात साखर जास्त दिसू शकते, आणि बारमाही उष्ण गोव्याला कॅनडाचे आकडे जसेच्या तसे लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही.

म्हणूनच या भागातच मोजणी होणे आवश्यक आहे. मोपाच्या सड्यावरील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि भोवतीच्या गावांचे रस्ते, रोजगार व दिनक्रम बदलत आहेत. डिचोलीने तर खाणींची आणि खनिजवाहू ट्रकांची धूळ दीर्घकाळ सोसली आहे. आरोग्य केंद्रांतील गर्भवतींच्या नोंदी हवेच्या मोजणीशी वर्षानुवर्षे जोडल्या गेल्या, तर भोवतालचा वाटा किती, हे अनुमानाऐवजी पुराव्याने सांगता येईल.

तोवर हाती असलेला उपाय सोपा आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेल्या चाचणीत उपाशीपोटी येण्याची अट नसते : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास निदान होते. पहिल्या तपासणीवेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ती करावी, असे केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रियांची साखर आहारातील बदल आणि नियमित चालण्याने आटोक्यात राहते, उरलेल्यांना औषध लागते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी फेरतपासणीही तितकीच आवश्यक असते. सुनेच्या खाण्यापिण्याला बोल लावण्याऐवजी घरच्यांनी तिला या तिन्ही तपासण्यांना वेळेवर न्यावे.