गिरिभ्रमण, लेखांक सहावा : एका दिवसात कळसूबाई

घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशाला कसाऱ्याची लोकल आपल्याच मार्गावर मिळते, अंधेरीकराला मेट्रोने घाटकोपर गाठावे लागते आणि बोरिवलीकराला दादरला गाडी बदलावी लागते. परंतु रात्री निघून कसाऱ्याहून जीपने घाट चढून, इगतपुरी-घोटीमार्गे, उजाडण्यापूर्वी मौजे बारी, तालुका अकोले, येथे पोहोचणे या सर्वांना साध्य आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर चढून त्याच रात्री घरी निजण्याचा बेत त्यामुळेच संभवतो.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील जांबूळमाळ, जो मुंबईचा सर्वोच्च बिंदू, तो अवघा ४६८ मीटर. तथापि बारी घाटमाथ्यावर वसलेली असल्याने निम्म्याच्या आसपास उंची वाहनाने चढलेली असते आणि सुमारे ८०० मीटर पायांच्या वाट्याला येतात. विरळ हवेचा विकार साधारणतः २५०० मीटरच्या वर संभवतो, म्हणून हिमालयात शरीराला सवय व्हावी यासाठी मध्ये मुक्काम करावे लागतात. सह्याद्रीत ती निकड नाही. येथे जपावयाचे ते वेळेला आणि पाण्याला.

पाण्याचे कारण गणिताने स्पष्ट होते. सत्तर किलो वजनाचा देह ८०० मीटर उचलण्याचे निव्वळ कार्य सुमारे १३० किलोकॅलरींचे. पण स्नायू खर्चलेल्या शक्तीपैकी फार तर चतुर्थांशच कार्यात उतरवितात, सबब पाचशेहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात आणि उरलेली सर्व शक्ती उष्णता होऊन घामावाटे बाहेर पडू पाहते. त्यात माथ्यावर ऊन आले की शरीरावर दुहेरी भार पडतो. पहाटे निघावयाचे ते सूर्योदयाच्या शोभेपेक्षा या कारणासाठी.

वेळेचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये घालून दिला : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांस आणखी एक. हा ठोकताळा मला आजही उपयुक्त वाटतो, मात्र आमच्या डोंगराची रचना त्यात धरलेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्री घडला. त्यातील कठीण थर कडे होऊन उभे राहिले, मृदू थर झिजून त्यांच्यामध्ये सपाट्या झाल्या. कळसूबाईच्या अशा कड्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. शिडीवर मनुष्य एकामागून एकच चढतो, आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तर पायथ्याशी रांग लागते. नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणारी आसपासच्या गावांची मंडळी, त्यांतील वृद्ध स्त्रियासुद्धा, या वाटेवर ज्या सहजतेने चालतात तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. शहरी मनुष्याने मात्र माथ्यापर्यंत तीन ते चार तास धरावेत.

नवशिके उतरणीला हिशेबात धरत नाहीत, ही त्यांची सर्वांत मोठी चूक. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते, आणि ती वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. थकलेला पाय ओल्या शिडीवर ठेवण्याची पाळी येऊ नये, यासाठी परतीची मुदत बारीतच, सर्वांच्या संमतीने मुक्रर करावी : पहाटे पाचला निघालो तर दहाला, जेथे असू तेथून, मागे फिरावयाचे. शेवटची शिडी समोर दिसत असली तरी त्यात बदल नाही.

उतरताना पाऊल कसे टाकावे आणि काठीचा भार कोठे घ्यावा, हे पुढील लेखांकी.