जुनी गाडी पेट्रोल जास्त का खाते?

मालाची ने-आण करणाऱ्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज घटले की काही मिस्त्री लगेच इंजिन खोलायला सांगतात. व्यापारी व कारागीर बंधूंनी त्या खर्चाची घाई करू नये, असे आम्ही सुचवतो. आधी माप घ्या. टाकी फुल करून किलोमीटर लिहा, काही दिवसांनी पुन्हा फुल करा. ३०० किलोमीटरला २५ लिटर लागले, तर ॲव्हरेज १२. मग चाकांतील हवा, एअर फिल्टर आणि प्लग पाहा. गाडी थांबवल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग लागली, तर ब्रेक चिकटत असावा. इंजिन गरम व्हायला फार वेळ लागत असेल, तर थर्मोस्टॅट तपासा. थंड इंजिन पेट्रोल जास्त खाते. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा माप घ्या. तरीही फरक न पडल्यास कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि ते कमी भरले तरच इंजिन खोलू द्या.