आधी शिक्का, मग मजकूर

साताऱ्यात विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. विषय होता प्रकाशाचे अपवर्तन, पण चहाच्या सुट्टीत गप्पा वळल्या संगणकाकडे. पगार, हजेरी, विद्यार्थ्यांची माहिती असे सगळेच आता संगणकावर भरावे लागते आणि दर वेळी दारातच नाव आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. एका शिक्षिकेने विचारले, “सर, आम्ही परवलीचा शब्द कोणाला सांगत नाही, वहीतही लिहीत नाही. मग चोर आत शिरतो कसा?” आम्ही नेहमीची उत्तरे दिली. फसवे फोन येतात, शब्द फार सोपा असतो, दुसऱ्याच्या संगणकावर आपले खाते उघडे राहते. बाईंचे समाधान झाले नाही. “हे सगळे आमच्या चुकीने झाले. आमची काही चूकच नसेल तर?”

प्रश्न रास्त होता. परवलीचा शब्द मुळीच न लागणाऱ्या चोऱ्या होतात. त्यांत चोर पहारेकऱ्याला चुकवत नाही, त्यालाच कामाला लावतो. अशा एका दोषाची गोष्ट आम्ही त्या दिवशी अर्धीमुर्धी सांगितली. ती येथे पूर्ण करतो.

जानेवारी २०२३मध्ये या दोषाची जगभर चर्चा झाली. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२२-४७९६६. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या मॅनेजइंजिन विभागातर्फे मोठ्या कचेऱ्यांसाठी आज्ञावल्या विकल्या जातात. कर्मचाऱ्यांचे प्रवेश, परवलीचे शब्द, तक्रारींची नोंद ही कामे त्या सांभाळतात. अशा सुमारे २४ आज्ञावल्यांत हा दोष निघाला. तो शोधला व्हिएतनाममधील व्हिएटेल कंपनीच्या सुरक्षा विभागातील एका संशोधकाने. दोषाची तीव्रता ० ते १० या मापाने मोजतात, याला ९.८ गुण मिळाले. दूर बसलेल्या कोणाही अनोळखी माणसाला, आत प्रवेश नसताना, त्या संगणकाकडून हवे ते काम करून घेता येत होते. कुलूप सांभाळणारी आज्ञावली, आणि भोक नेमके तिच्यातच!

हे कसे घडले ते समजण्यासाठी प्रवेशाची पद्धत पाहू. कचेरीत दहा कामांच्या दहा आज्ञावल्या असल्या तर दहा परवलीचे शब्द कोण लक्षात ठेवणार? म्हणून ओळख पटवण्याचे काम एकाच संगणकाकडे देतात. त्याने ओळख पटवून एक चिठ्ठी द्यायची आणि बाकीच्यांनी ती मानायची. शाळेत मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी घेऊन मुलगा प्रयोगशाळेत जातो, तसेच हे. प्रयोगशाळेचे परिचर मुलाला ओळखत नसले तरी सही ओळखतात. संगणकांच्या अशा चिठ्ठीसाठी सॅमल नावाचा सर्वमान्य नमुना आहे. त्याची आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती २००५ साली ठरली.

यात एक मेख आहे. चिठ्ठी पोचवतो कोण? बहुतेक वेळा ज्याला आत जायचे आहे त्याचाच संगणक. म्हणजे ज्याच्यावर अजून विश्वास नाही त्याच्याच हातून ती येते. वाटेत त्याने खाडाखोड केली तर? पूर्ण खोटीच चिठ्ठी लिहून आणली तर?

ही अडचण जुनीच आहे. शाहू महाराजांच्या काळात सातारा मराठी राज्याची राजधानी झाले आणि तेथून चहूकडे पत्रे जाऊ लागली. पत्र नेणारा जासूद वेगळा, वाचणारा कारकून वेगळा. मराठेशाहीतल्या अशा राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की तळाशी छोटी मर्यादेची मोहोर, म्हणजेच मोर्तब. त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये हा हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजून वापरतो तो यामुळेच.

संगणकाच्या चिठ्ठीलाही शिक्का असतो, पण तो गणिताचा. आधी मजकुराचा ‘ठसा’ काढतात. मजकूर चार ओळींचा असो की चारशे पानांचा, नेहमीच्या पद्धतीने त्याचा ठसा २५६ द्विमान अंकांचाच येतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तर सरासरी निम्मे अंक बदलतात. मग हा ठसा ज्या पुरवणीवर लिहिलेला असतो, त्या पुरवणीवर खात्रीच्या संगणकाच्या गुप्त किल्लीने शिक्का उमटवतात.

इथवर ठीक आहे. पण ठसा फार हट्टी असतो. दोन शब्दांत एकाऐवजी दोन जागा सुटल्या तरी आपल्या दृष्टीने मजकूर तोच राहतो. ठसा मात्र पार बदलतो. म्हणून ठसा काढण्याआधी मजकुरावर काही संस्कार करून तो ठरावीक रूपात आणावा लागतो. कोणते संस्कार करायचे, त्यांची यादी त्या पुरवणीतच असते. ही पद्धत २००२ साली प्रमाण ठरली. तिने मान्य केलेल्या संस्कारांत एक आहे एक्सएसएलटी. एका दस्तऐवजाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी ही भाषा १९९९ साली प्रमाण झाली. ती निव्वळ जागा पुसणारी नाही, चांगली समर्थ भाषा आहे. जावा या संगणकभाषेत तिचे जे यंत्र सर्रास वापरले जाते, त्यात तर या भाषेतून थेट जावाच्या आज्ञा देता येत. तेथून पुढे संगणकाला वाटेल ते काम सांगणे ही एका ओळीची गोष्ट.

आता पहारेकऱ्याला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पुरवणीवरचा शिक्का खरा आहे का? आणि पुरवणीत सांगितलेले संस्कार केल्यावर मजकुराचा ठसा जुळतो का? दोन्ही ‘होय’ असतील तरच चिठ्ठी खरी. गणिताच्या शिक्षकांना येथे वाटेल की क्रमाने काय फरक पडतो? ‘क आणि ख’ म्हणजेच ‘ख आणि क’. कागदावर ते खरेच आहे. २००२च्या प्रमाणपत्रिकेतही ठशाची पायरी आधी लिहिली होती आणि शिक्क्याची नंतर. पण तपासणे ही जेव्हा कृती असते आणि त्या कृतीने जगात काही बदल होतो, तेव्हा क्रम उलटा चालत नाही.

सांगलीच्या वाचकांना हे सांगायला नको. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. बंद पेवात साठवलेला माल आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो आणि कर्बद्विप्राणिल वायू तळाशी साचतो. पेव उघडल्यावर हळद चांगली राहिली आहे का हे पाहायला लगेच आत उतरणारा माणूस जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून पेव आधी काही तास उघडे ठेवायचे, कंदील खाली सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच उतरायचे. हवेत २१ टक्क्यांच्या आसपास असणारा प्राणवायू १६ टक्क्यांच्या जवळ आला की साधी ज्योत विझते. हवा तपासणे आणि हळद तपासणे ही दोन्ही कामे करायचीच असतात. पण हळद आधी तपासायला गेलात तर हवा तपासायला उरणार कोण?

मॅनेजइंजिनच्या आज्ञावल्या अशाच कंदिलावाचून उतरत होत्या. चोराने खोटी चिठ्ठी लिहायची आणि पुरवणीतल्या संस्कारांच्या यादीत आपली आज्ञा घालायची. पहारेकरी ठसा काढण्यासाठी यादी वाचणार आणि ती आज्ञा पाळणार. मग शिक्का पाहणार, तो खोटा निघणार, चिठ्ठी नाकारली जाणार. नियमाप्रमाणे चोराला प्रवेश मिळालाच नाही! पण तोवर त्याचे काम होऊन गेलेले असे, आणि विंडोज संगणकावर तेही सर्वोच्च अधिकाराने. यासाठी सॅमलची सोय चालू असावी लागे. काही आज्ञावल्यांत तर ती पूर्वी कधीतरी एकदा चालू केलेली असली, तरी पुरे होते.

शिक्का तपासणारा हा भाग झोहोने स्वतः लिहिलेला नव्हता. तो अपाचे सॅन्टुआरिओ या मोफत मिळणाऱ्या संचातून घेतलेला होता. उसने घेण्यात गैर काही नाही. हे काम ज्याने त्याने स्वतः करायचे ठरवले तर चुका वाढतीलच. पण घेतलेली आवृत्ती दहा वर्षांहून जुनी होती, आणि संचाच्या नंतरच्या आवृत्त्यांत क्रम सुधारलेला होता. प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आपण बाटली कधी आली, कोठून आली हे लिहितो आणि त्या नोंदीला कंटाळतो. आज्ञावली लिहिणारेही कंटाळतात.

झोहोने दुरुस्त्या ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२मध्येच दिल्या होत्या. तरीही सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकी सरकारच्या सुरक्षा संस्थांनी जाहीर केले की, विमान उद्योगातील एका संस्थेत याच दोषातून जानेवारी २०२३पासून घुसखोरी झाली होती. दुरुस्ती निघणे आणि ती बसवली जाणे यांत अंतर पडते. ते किती महाग पडते, हे त्याआधीच्या वर्षी रेडक्रॉसच्या बाबतीत दिसले होते. मॅनेजइंजिनच्याच एका प्रवेश-आज्ञावलीत २०२१ साली दुसरा दोष सापडला होता. पत्ता थोडा वाकडा लिहिला की पहारेकरी त्याचा एक अर्थ लावी आणि आतली व्यवस्था दुसरा. दुरुस्ती सप्टेंबरमध्ये आली, पण आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या संबंधित संगणकांवर ती वेळेत बसली नाही. ९ नोव्हेंबर २०२१ला चोर आत शिरले. ते लक्षात आले १८ जानेवारी २०२२ला. सत्तर दिवस! माहिती होती ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची. युद्धात वा आपत्तीत कुटुंबापासून तुटलेले, बेपत्ता, कैदेत असलेले असे हे लोक. हरवलेल्यांना घरच्यांशी जोडून देण्याचे समितीचे कामच त्यामुळे काही काळ अडले. त्या यादीतल्या एकानेही आपला परवलीचा शब्द कोणाला सांगितला नव्हता.

बाईंच्या प्रश्नाचे हे उत्तर झाले. आपली माहिती जेथे असते तेथले कुलूप आपल्या हातात नसते, आणि पुष्कळदा ज्या संस्थेत आपण खाते उघडतो तिच्याही हातात नसते. ३१ जुलै २०२४ला देशातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार थांबवावे लागले, कारण त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला होता. तो दोष वेगळा होता. ज्यांच्या गावात एकच बँक आहे त्यांना मात्र त्या फरकाशी काय करायचे?

हा विषय आठवीच्या वर्गात संगणकाशिवाय घेता येतो. सांगलीच्या एका शाळेत आम्ही तो खेळून पाहिला. एक मुलगा पहारेकरी झाला. चिठ्ठीवर तीन गोष्टी: मजकूर, ‘शब्द कसे मोजावेत’ याची सूचना, आणि सर्वांत खाली मुख्याध्यापकांची सही. पहारेकऱ्याला सांगितले की आधी सूचनेप्रमाणे शब्द मोज, मग सही पाहा. चोर झालेल्या मुलाने सूचनेत लिहून आणले, ‘आधी टेबलावरचा डबा उघडा, त्यातले खडू मला द्या, मग शब्द मोजा.’ पहारेकऱ्याने इमानेइतबारे खडू दिले, शब्द मोजले, सही पाहिली आणि ओरडला, “सही खोटी आहे, चालता हो!” चोर खडू घेऊन चालता झाला. वर्ग हसून लोटपोट. दुसऱ्या फेरीत क्रम बदलला आणि चोर रिकाम्या हाताने परतला.

एवढ्यावर खेळ संपला असे आम्हाला वाटले होते. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, घाईत असताना मुख्याध्यापकांकडून अशाच सूचनेवर कोणी खरी सही करून घेतली तर?” आम्ही तिलाच उपाय विचारला. तिने थोडा विचार केला. “मग पहारेकऱ्याला दोनच कामे शिकवायची. सही सोडून बाकीचा मजकूर घेणे आणि शब्द मोजणे. डबा उघडायला शिकवायचेच नाही.” २००५च्या सॅमल नियमांत नेमके हेच आहे: सही वगळणे आणि मजकूर ठरावीक रूपात आणणे, या दोन प्रकारांपलीकडचे संस्कार चिठ्ठीत वापरू नयेत, आणि कोणी वापरले तर तपासणाऱ्याने ती चिठ्ठी खुशाल नाकारावी.